लिंबाचं रोप पिवळं पडतंय? काही टाकण्याआधी हे बघा

उन्हाळा सरून पहिला पाऊस झाला की आमच्या दारात कुणी ना कुणी हातात पिवळं पान घेऊन उभं असतं. श्रीगोंदा तालुक्यात लिंबाच्या बागा भरपूर, आणि ज्यांना बाग नाही त्यांच्याही परसात एखादं रोप असतंच. प्रश्न ठरलेला असतो: "काय टाकू?" कुणी युरिया आणून ठेवलेला असतो, कुणी एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेटची) पुडी, कुणी चार दिवसांचं आंबलेलं ताक. मी सगळ्यांना एकच सांगते, आज काहीच टाकू नका.

लिंबाचं पान पिवळं पडायला सात-आठ वेगवेगळी कारणं असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. पाणी जास्त होऊन मुळं गुदमरलेल्या रोपाला युरिया दिला तर उरलीसुरली मुळंही करपतात. चुनखडीच्या जमिनीतल्या रोपाला राख घातली तर ते आणखी पिवळं पडतं. म्हणून आधी कारण शोधायचं. त्याला अर्धा तास, एक खुरपं आणि चमचाभर व्हिनेगर पुरतं. मी लिहितेय ते एक ते तीन वर्षांच्या कागदी लिंबाबद्दल, मग ते परसात असो की कुंडीत.

पायरी १ : पिवळं पान नेमकं कुठलं?

सकाळच्या उजेडात झाडासमोर उभं राहा आणि एकच फांदी निवडा. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पानं बघत या. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर? अर्धं निदान इथेच होतं.

नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात नेता येतात. टंचाई झाली की झाड जुन्या पानातून ती काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोह, जस्त आणि मँगनीज यांचं तसं नाही. एकदा ज्या पानात गेली तिथेच ती बसतात. मुळांकडून नवा पुरवठा थांबला की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवी मात्र फिकट निघतात. हे एवढं लक्षात राहिलं तर दुकानात समोरचा देईल ती पुडी घेऊन यायची वेळ येत नाही.

दोन गोष्टींना घाबरू नका. एक, लिंबाचं पान वर्ष-दीड वर्षाने म्हातारं होतं. आतल्या बाजूची चार-सहा पानं एकसारखी पिवळी होऊन गळाली, विशेषतः थंडी सरताना नवी पालवी फुटायच्या सुमाराला, तर तो झाडाचा नेहमीचा क्रम आहे. दोन, नवती पहिले दोन-तीन आठवडे पोपटीच असते. पान पूर्ण वाढून जाड होईपर्यंत त्याच्या रंगावरून काही ठरवू नका.

रोप रोपवाटिकेतून आणून महिनाही झाला नसेल, तर हिरव्या जाळीच्या सावलीतून ते एकदम उन्हात आलंय हेही ध्यानात घ्या. पिवळट पांढरे चट्टे फक्त उन्हाच्या बाजूच्या पानांवर असतील तर दुपारपुरतं एखादं जुनं लुगडं किंवा पोतं आडोशाला बांधा आणि थांबा.

पायरी २ : मातीत बोट घाला

पान बघून झालं तरी खताकडे वळायचं नाही. आधी पाणी तपासायचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त रोपांचं दुखणं पाण्यात निघतं आणि त्यातही कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्यात. घरातलं रोप असतं, जीव लावलेला असतो, जाता-येता प्रत्येक जण तांब्याभर ओततो. लिंबाच्या मुळांना मात्र पाण्याइतकीच हवा लागते. चिकट काळ्या मातीत पाणी साचून राहिलं की बारीक मुळं दोन-चार दिवसांत मरायला लागतात. मुळं मेली की माती ओली असूनही झाड तहानलेलं दिसतं, पानं लोंबतात, आणि आपण आणखी पाणी घालतो.

बुंध्यापासून वीतभर अंतरावर बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. माती बोटाला चिकटत असेल तर पाणी नको. त्याच जागी खुरप्याने अलगद चार-पाच इंच उकरा. एखादं बारीक मूळ दिसेल. ते पांढरट-पिवळसर आणि टणक असेल तर चांगलं. तपकिरी असेल, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत असेल, तर मूळकूज लागलीय. मातीला कुबट वासही येतो. अशा झाडाच्या पानावर आणखी एक खूण असते: मधली शीर आणि तिच्या आजूबाजूचा भाग पिवळा, कडेचा भाग हिरवा. ही खूण नीट बघून ठेवा, कारण लोहाच्या कमतरतेत याच्या बरोबर उलट चित्र दिसतं.

आता बुंधा बघा. जमिनीलगत सालीवर मधासारखा डिंक दिसतो का? आमच्याकडे याला डिंक्या म्हणतात. मूळकूज करणारी फायटोफ्थोरा बुरशीच याला कारणीभूत असते आणि बुंध्याला सतत ओल लागली की ती माजते. कलमाचा जोड मातीखाली गेला असेल तर तिथली माती आजच काढा. आणि कलमाची प्लॅस्टिकची पट्टी, नावाच्या पाटीची तार, आधाराच्या काठीला बांधलेली सुतळी खोडात रुतली नाही ना तेही बघा. माझं एक कलम दोन वर्षं पिवळट राहिलं. खत दिलं, फवारलं, काही फरक पडेना. शेवटी एकदा बुंधा पुसताना जोडावरची पट्टी सालीत बुडालेली दिसली. ब्लेडने उभी चीर देऊन ती सोडवली आणि पुढच्या नवतीला झाड सावरलं. पट्टी त्याच वर्षी काढायला हवी होती.

पाणी जास्त झालं असेल तर असं करा. पाणी बंद. आळ्यात पाणी साचत असेल तर एका बाजूने चर काढून वाट करून द्या. बुंध्याभोवतीची माती बाजूला सारून मुळांची मान उघडी करा, तिला हवा लागू द्या. डिंक असेल तर तेवढीच कुजकी साल धारदार चाकूने खरवडून बोर्डो पेस्ट लावा. घरच्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवा आणि थंड झाल्यावर दोन्ही एकत्र करा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं चालत नाही. ही पेस्ट ब्रशने बुंध्यावर दीड-दोन फुटांपर्यंत लावायची. या काळात कुठलंही खत नाही.

यापुढे पाणी दुहेरी आळ्यातून द्या. बुंध्याला लागून मातीचा गोल उंचवटा करायचा आणि त्याच्या बाहेर दुसरं आळं काढायचं. पाणी या दोन गोलांच्या मधल्या चरात सोडायचं, म्हणजे बुंधा कोरडा राहतो आणि मुळं ओलीकडे पसरतात. वर्षभराच्या रोपाला आतला उंचवटा वीतभर आणि बाहेरचं आळं बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर पुरे. नुकतंच लावलेलं रोप असेल तर आतला उंचवटा चार बोटांचाच ठेवा. त्याची मुळं अजून पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातच असतात, लांब सोडलेलं पाणी तिथवर पोचत नाही. किती दिवसांनी पाणी द्यायचं? काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी. मुरमाड जमिनीत त्याच्या निम्म्या अंतराने. तरी आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

कुंडीवाल्यांनी कुंडी तिरकी करून खालची भोकं बघावीत. बरेचदा ती मुळांनी नाहीतर मातीने बुजलेली असतात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून द्या. आणि रोपवाटिकेतून आलेली लाल चिकणमाती तशीच ठेवून वर नुसतं कोकोपीट भरलं असेल तर मधला गोळा एक तर कोरडा ठणठणीत राहतो नाहीतर कायम चिखल. अशा रोपाची कुंडी पावसाळ्याच्या सुरुवातीला बदला: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू.

पायरी ३ : पानावरची नक्षी वाचा

पाणी ठीक निघालं तर पानाकडे परत या. एक पिवळं आणि त्याच फांदीवरचं एक चांगलं पान तोडून उजेडासमोर धरा.

जुनी पानं शिरांसकट एकसारखी पिवळी आणि एकूण झाड फिकट, वाढ खुंटलेली: नत्र कमी. हे सगळ्यात सोपं आणि लवकर सुधारणारं.

जुन्या पानाच्या कडा पिवळ्या, पण देठाकडे हिरव्या रंगाचा उलट्या व्ही अक्षरासारखा त्रिकोण राहिलेला: मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट द्यायचं ते या एकाच खुणेवर. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पालाश जास्त दिलं की मॅग्नेशियम उचललं जात नाही, त्यामुळे राख किंवा पोटॅश घालत असाल तर आधी ते थांबवा.

नवी पानं लहान, अरुंद, टोकदार, शेंड्याला गुच्छासारखी दाटलेली आणि शिरांच्या मध्ये ठळक पिवळे पट्टे: जस्त. पानाचा आकार नेहमीसारखाच, पण शिरांच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा आणि मधला भाग फिकट: मँगनीज.

नवी पानं पिवळी, कधी कधी जवळजवळ पांढरी, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी: लोह. आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणारं हेच. याच्यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे बहुतेक वेळा मातीत लोह असतं, झाडाला मात्र ते घेता येत नाही.

पायरी ४ : चुनखड आहे का ते तपासा

वाळलेल्या मातीचं ढेकूळ वाटीत घेऊन त्यावर चमचाभर व्हिनेगर ओता. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालेल. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. अशा मातीचा सामू, म्हणजे पीएच, चढा असतो, आणि चढ्या सामूत लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर प्रत्येक पाळीबरोबर थोडी भर पडत राहते. लिंबू लावायला जमिनीत चुनखडीचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असावं म्हणतात ते याचसाठी.

आमच्या नव्या घराच्या भिंतीलगत लावलेलं लिंबू असंच पांढुरकं पडलं. शेणखत झालं, युरिया झाला. वर्षभराने मी बाजूने खड्डा घेतला तर फूटभर खाली बांधकामाचा राडारोडा: सिमेंटचे गोळे, गिलाव्याचे तुकडे, चुना. मुळं त्यातच उतरली होती. त्या झाडाला कितीही खत घातलं असतं तरी उपयोग नव्हता. म्हणून नव्या घराच्या परसात रोप लावलं असेल तर आधी भिंतीच्या बाजूने उकरून बघा. रोप वर्षाच्या आतलं असेल तर मातीच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावणं हाच चांगला उपाय.

सासूबाई रोज सकाळी चुलीतली राख लिंबाच्या बुडात टाकायच्या. दुधी-भोपळ्याच्या पानांवरच्या माव्याला राख भुरभुरणं चांगलंच, पण चुनखडीच्या जमिनीत राख, चुन्याची निवळी, अंड्याची टरफलं यांतलं काहीही लिंबाच्या मुळाशी नको. हे सांगितल्यावर त्यांनी राखेचं टोपलं वेलींकडे वळवलं. कोकणात आणि गोव्यात मात्र हिशेब वेगळा. तिथली जांभी माती आम्लधर्मी आणि पावसाने धुपलेली असते. तिथे मॅग्नेशियम आणि चुना कमी पडतो, आणि माती तपासून दिलेला थोडा चुना उपकारक ठरतो. त्यामुळे रत्नागिरीच्या नातेवाइकांनी सांगितलेला उपाय नगर-सोलापूरकडे जसाच्या तसा करू नका, आणि आमचा तिकडे नेऊ नका.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, अशा मातीत नुसता टाकला तर काही दिवसांतच त्यातलं लोह मातीत अडकून बसतं. मातीत द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, घ्या, आणि त्यातही पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का ते वाचा. ते चढ्या सामूतही टिकतं आणि पाण्यात टाकल्यावर गडद लाल रंग देतं. ईडीटीए लिहिलेलं स्वस्त असतं, पण ते फवारणीपुरतंच ठेवा. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढंच. जस्तासाठी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून. चुना न घालता फवारलं तर कोवळी पानं करपतात. फवारणी नवतीची पानं दोन तृतीयांश वाढली की, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पान फार कोवळं असताना भाजतं, आणि फार जाड झाल्यावर औषध शोषत नाही.

माती सुधारायला वेळ लागतो. दरवर्षी पावसाळ्याआधी जुनं शेणखत आणि बारा महिने पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं दूर. गंधकाची भुकटीही मदत करते, पण चुनखड खूप असेल तर तिचा परिणाम फार सावकाश होतो. पागोळीचं पाणी साठवता येत असेल तर ते लिंबासाठी राखून ठेवा, जड पाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

पायरी ५ : आता खत

मुळं चांगली आहेत, पाण्याचा निचरा होतोय, रोप लावून दोन महिने झालेत आणि लक्षण नत्राचंच आहे, असं पक्कं झाल्यावर खत द्या. जमिनीतल्या वर्षभराच्या रोपाला वर्षातून दोनदा घमेलंभर जुनं शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड, आणि वाढीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा २० ते २५ ग्रॅम युरिया. कुंडीत ५ ग्रॅमच्या वर जाऊ नका. खत ओल्या मातीवर, बुंध्यापासून दूर, बाहेरच्या आळ्यात पसरायचं आणि वरून पाणी द्यायचं. ताजं शेण नको, त्याची उष्णता मुळांना लागते आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. युरियाची फवारणी नवख्यांनी टाळलेलीच बरी. त्यात अशुद्धी म्हणून येणारं बाययुरेट लिंबूवर्गीय पानांना सोसत नाही, आणि ते जास्त असलं तर पानांचे शेंडेच पिवळे पडतात.

खुरपणी वरवरची करा. लिंबाची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, खोल कुदळ मारली की ती तुटतात. आणि पहिली तीन वर्षं फुलं आली तरी खुडून टाका. जीवावर येतं, मलाही येतं, पण रोपाची ताकद फळात गेली तर पानं फिकटणारच.

किडी आणि रोग

पानात चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पानं फस्त करणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची, ती हाताने वेचा. पानावर खरखरीत तपकिरी ठिपके आणि त्याभोवती पिवळं वलय असेल तर खैऱ्या. कागदी लिंबावर हा नेहमीचा. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम फवारा.

एका रोगाबद्दल मात्र सावध राहा. पिवळं पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही अर्ध्या बाजू जुळवून बघा. अन्नद्रव्यांच्या कमतरतेत दोन्हीकडची नक्षी साधारण सारखी असते. ग्रीनिंग रोगात डाग वेडेवाकडे असतात, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला भलतंच. बहुतेकदा झाडाची एखादीच फांदी आधी पिवळी पडते. हा रोग सिट्रस सायला ही नवतीवर बसणारी बारीक कीड पसरवते, रोगट झाडाचे डोळे (कलमासाठी काढलेल्या कळ्या) वापरलेल्या कलमातूनही येतो, आणि त्यावर औषध नाही. शंका आली तर त्या झाडाची फांदी कुणाला कलमासाठी देऊ नका आणि आधी तज्ज्ञाला दाखवा.

पायरी ६ : धागा बांधा

उपाय केला त्या दिवशी एका फांदीच्या शेंड्याला रंगीत धागा बांधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहा. पूर्ण पिवळं झालेलं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही, ते गळेल. त्याच्याकडे बघून निराश होऊ नका आणि घाईने दुसरा उपायही सुरू करू नका. धाग्याच्या वर जी नवती येईल तिचा रंग बघायचा. लिंबाला वर्षातून तीन-चारदा नवती येते, त्यामुळे दीड-दोन महिने थांबावं लागतं. मूळकूज झाली असेल तर त्याहूनही जास्त.

धाग्यावरची दुसरी नवतीही पिवळीच आली, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नागपूरला तर लिंबूवर्गीय फळांसाठीच केंद्रीय संशोधन संस्था आहे, विदर्भातल्यांना ती जवळ पडते. जाताना एक नुसतं पिवळं पान नेऊ नका. बोटभर लांबीची फांदी न्या, जुनी आणि नवी दोन्ही पानं असलेली, आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदात गुंडाळा. वरची माती बाजूला करून फूटभर खोलीची ओंजळभर माती, चार बारीक मुळं आणि देता ते पाणी एका स्वच्छ बाटलीत. आणि आतापर्यंत काय काय घातलं ते सगळं, ताक आणि राखेसकट, एका कागदावर लिहून न्या.